विश्लेषण : शिक्षकांसाठी आठवड्याला एक पान! कॅथलिक शाळांचे मुख्याध्यापक दर सोमवारी पत्र का लिहितात?

परिपाठात मुलांना रोज एक सुविचार ऐकायला मिळतो. शिक्षकांच्या वाट्याला काय येते? बहुतेक शाळांत उत्तर एकच : व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अतितातडीचे' असे लिहिलेला संदेश आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. अमेरिकेतील अनेक कॅथलिक शाळांमध्ये मात्र मुख्याध्यापक आठवड्यातून एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र पाठवतात. त्यात आधी चार शब्द धीराचे आणि मग आठवड्याची कामे. पत्र साधेच असते, पण धीराचे शब्द आणि कामाची आठवण एकाच पानावर का हवी, याचे उत्तर आपल्या शाळांनाही उपयोगी पडणारे आहे.

हे साप्ताहिक पत्र म्हणजे नेमके काय?

शुक्रवारी दुपारी, रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी शाळा भरण्याआधी मुख्याध्यापक शिक्षक, शिपाई, स्वयंपाकघरातील कर्मचारी आणि कार्यालयातील मंडळी अशा सर्वांना एक ई-मेल पाठवतात. पत्र कसे असावे याचा कोणताही नियम नाही. कुणी अर्ध्या पानात आटोपते, कुणी दोन पाने लिहिते. तरी बहुतेक पत्रांचे तीन भाग सहज ओळखू येतात : रविवारच्या शुभवर्तमानातील वाचनावर किंवा त्या आठवड्यातील एखाद्या संतावर छोटे चिंतन, सहकाऱ्यांचे आभार आणि शेवटी कामांची यादी.

नमुना म्हणून जानेवारीच्या अखेरीचे एक पत्र कल्पून पाहू. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारपासून अमेरिकेत 'कॅथलिक स्कूल्स वीक' सुरू होतो, म्हणजे गडबडीचा काळ.

'सुप्रभात. मंगळवारी पहिलीतले एक मूल वर्गात यायलाच तयार नव्हते. आपल्यातल्या एकीने त्याला ओढले नाही, ती त्याच्या शेजारी व्हरांड्यात बसून राहिली. दहा मिनिटांनी दोघेही आत गेले. मी ते लांबून पाहिले. धन्यवाद. आता आठवणी : बुधवारी साडेआठला मिस्सा, मुलांना रांगेत आठ वीसला आणावे. गुरुवारी आगीची कवायत आहे, वर्गातील हजेरीपट सोबत घ्यावा. सहामाही गुण शुक्रवारी चारपर्यंत भरावेत. मधल्या सुट्टीत मैदानाच्या मागच्या फाटकापाशी कुणीच नसते, या आठवड्यापासून तिथेही एक जण असेल. बालसुरक्षा प्रशिक्षण बाकी असलेल्या तिघांशी मी स्वतः बोलेन.'

यात अलंकारिक काही नाही. पण 'मी ते लांबून पाहिले' आणि 'मागच्या फाटकापाशी कुणीच नसते' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या नजरेतून आली आहेत. शाळेत फिरणारा माणूसच ती लिहू शकतो. पत्राचे खरे भांडवल ते आहे.

ही पद्धत आली कुठून?

ई-मेल नवा असला तरी कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील रॅम्स शहरात १६५१ मध्ये जन्मलेले जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढल्या आणि शिकवणाऱ्या ब्रदरांचा संघ उभारला. त्यांच्या लेखनात दोन वेगळे प्रवाह दिसतात. एक ग्रंथ शाळा चालवण्याच्या पद्धतीविषयी आहे. मुलांनी वर्गात कसे यावे, हजेरी कशी घ्यावी, वाचन कोणत्या क्रमाने शिकवावे, शिक्षकाने कुठे लक्ष द्यावे असा बारीकसारीक तपशील त्यात आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. दुसरा प्रवाह चिंतनांचा. रविवार आणि सणांच्या दिवसांसाठी त्यांनी शिक्षकांकरिता चिंतने लिहिली. तुमचे काम किरकोळ नाही, समोरचे मूल तुमच्यावर सोपवलेले आहे, हा त्यांचा आशय. म्हणजे नियमावली आणि धीर, दोन्ही एकाच लेखणीतून उतरले. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

दुसरा धागा इटलीतील तुरिनचा. तेथे रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणारे डॉन बॉस्को रात्री झोपण्यापूर्वी मुलांशी दोन-तीन मिनिटे बोलत. दिवसभरात काय घडले, उद्या काय करायचे आणि मनात ठेवावी अशी एक गोष्ट, एवढेच. त्यांच्या आईने घरी आसऱ्याला आलेल्या पहिल्या मुलाशी झोपण्यापूर्वी असे चार शब्द बोलले, तिथून ही प्रथा पडली, असे सालेशियन परंपरा मानते. या 'गुड नाइट'चेच भारतातील डॉन बॉस्को शाळांमध्ये सकाळचे 'गुड मॉर्निंग टॉक' झाले. माटुंग्याच्या किंवा अन्य डॉन बॉस्को शाळेत शिकलेल्यांना ते आठवत असेल. मुख्याध्यापकाचे साप्ताहिक पत्र म्हणजे मोठ्यांसाठीचे तेच चार शब्द, असे म्हणता येईल.

अमेरिकेत त्याची गरज का वाढली?

याचे उत्तर आकड्यांत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कॅथलिक शाळांत ५२ लाखांहून अधिक मुले शिकत होती. आज ही संख्या सुमारे १७ लाख आहे आणि शाळा सहा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. पण याहून मोठा बदल स्टाफरूममध्ये झाला. १९६० मध्ये या शाळांतील दर चार शिक्षकांपैकी जवळपास तीन जण सिस्टर, ब्रदर किंवा धर्मगुरू होते. आज ९७ टक्क्यांच्या आसपास शिक्षक सर्वसामान्य घरसंसारी माणसे आहेत. मुख्याध्यापकही बहुतांश तसेच.

सिस्टर शिकवत होत्या तेव्हा त्या शाळेच्या आवारातच किंवा शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये राहत. प्रार्थना, जेवण, सुट्टी सगळे एकत्र. कुणाचा वर्ग जड जातो आहे, कुणाची तब्येत बरी नाही, उद्या कुणी कुठे उभे राहायचे, हे जेवणाच्या टेबलावरच ठरत असे. त्यासाठी वेगळा कागद लागत नव्हता. आताचा शिक्षक शाळा सुटली की आपल्या मुलाला पाळणाघरातून आणायला धावतो. अनेक ठिकाणी त्याचा पगार शेजारच्या सरकारी शाळेतील शिक्षकापेक्षा कमी असतो. शिक्षकांमध्ये कॅथलिक नसलेलेही असतात. मग 'आपण हे काम का करतो' हे एकमेकांना सांगण्याची जागा कोणती? कॉन्व्हेंटचे टेबल गेले आणि त्याचे थोडेसे काम सोमवारच्या पत्रावर आले. त्यामुळे या पत्राला निव्वळ शिष्टाचार समजणे चुकीचे ठरेल.

यादीतील सर्वांत जड ओळ कोणती?

वरच्या नमुन्यात बालसुरक्षा प्रशिक्षणाची ओळ गुण भरण्याच्या ओळीइतकीच साधी दिसते. तिच्यामागे मात्र मोठा आणि काळा इतिहास आहे. जानेवारी २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब'ने धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक अत्याचारांचे आणि ते दडपले गेल्याचे प्रकरण उघड केले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी बिशपांनी डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद मंजूर केली. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणे तेव्हापासून धर्मप्रांतांवर बंधनकारक झाले. जॉन जे महाविद्यालयाच्या २००४ मधील अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते आणि तक्रार करणाऱ्यांची संख्या १०,६६७ होती.

एवढी वर्षे हे चालले, कारण त्यावर कुणी बोलत नव्हते. एखादा विषय वर्षातून एकदा भाषणात आला तर तो अवघड वाटतो. तोच दर आठवड्याला 'आगीची कवायत' आणि 'मैदानावरची देखरेख' यांच्या रांगेत बसला की बोलण्याजोगा होतो. 'संशय आला तर आधी माझी परवानगी घ्या' असे न सांगता 'संशय आला तर कळवणे तुमचे कायदेशीर कर्तव्य आहे' असे मुख्याध्यापकाने वारंवार लिहिणे, याला फार महत्त्व आहे. अत्याचार एका पत्राने थांबत नाहीत. मात्र गप्प बसण्याची सवय मोडायला ते मदत करते.

चार शब्दांनी खरेच फरक पडतो का?

केवळ पत्रामुळे निकाल सुधारतो, असा दावा कुणी करू नये. मुख्याध्यापकामुळे फरक पडतो, हे मात्र अभ्यासांतून पुढे आले आहे. वॉलेस फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन आढाव्यानुसार, प्राथमिक शाळेत सरासरीहून कमी परिणामकारक मुख्याध्यापकाच्या जागी सरासरीहून अधिक परिणामकारक मुख्याध्यापक आल्यास मुलांचे गणितातील शिक्षण वर्षाला सुमारे २.९ महिन्यांनी आणि वाचनातील २.७ महिन्यांनी पुढे जाते. एका शिक्षकाचा परिणाम एका वर्गावर होतो, मुख्याध्यापकाचा साऱ्या शाळेवर.

त्याआधी अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोतील शाळांचा अभ्यास करून २००२ मध्ये 'ट्रस्ट इन स्कूल्स' हे पुस्तक लिहिले. शाळेतील मोठ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास असेल तर सुधारणा टिकतात, हा त्यांचा निष्कर्ष. विश्वास कशाने येतो, तर आदर, कामातील क्षमता, आपुलकी आणि बोलण्याप्रमाणे वागणे यांनी. साप्ताहिक पत्राला ही मोजपट्टी लावून पाहा. नाव घेऊन किंवा प्रसंग सांगून केलेले कौतुक आदर दाखवते, नेमकी यादी क्षमता दाखवते. आणि 'मी स्वतः बोलेन' असे लिहून खरोखर बोलायला गेलेला मुख्याध्यापक चौथी कसोटी उतरतो. न गेलेला मात्र पुढच्या सोमवारी कितीही सुंदर लिहो, ते वाचले जात नाही.

कौतुकाआड काही लपते का?

लपू शकते आणि ते स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये शिकागोच्या कॅथलिक बिशपांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. त्यानुसार चर्चच्या शाळांतील शिक्षकांच्या संघटनेचे प्रश्न राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अधिकारकक्षेबाहेर गेले. जुलै २०२० मध्ये 'अवर लेडी ऑफ ग्वादालुपे स्कूल' प्रकरणात ७ विरुद्ध २ असा निकाल आला. ज्या शिक्षकांच्या कामात धर्मशिक्षणाचा महत्त्वाचा वाटा आहे, त्यांना नोकरीतील भेदभावाविरुद्धच्या कायद्यांखाली दाद मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्या प्रकरणांतील एका शिक्षिकेची तक्रार वयामुळे नोकरी गेल्याची होती. दुसरीची होती कर्करोगाच्या उपचारासाठी रजा मागितल्यानंतर करार न वाढवल्याची.

म्हणजे ज्या शाळेत 'तुमचे काम ही सेवा आहे' असे दर सोमवारी लिहिले जाते, तिथेच 'सेवा' या शब्दाने शिक्षकाचा हक्क आखडतो. पगार, रजा आणि नोकरीची शाश्वती यांची जागा पत्र घेऊ शकत नाही. धीराचे शब्द हक्कांच्या जोडीला असले तरच ते धीराचे, नाहीतर ती गोड बोलून काम करून घेण्याची तऱ्हा ठरते.

आपल्याकडे काय चित्र आहे?

मुंबई, वसई, पुणे, गोवा इथल्या कॅथलिक शाळा मराठी वाचकाच्या ओळखीच्या आहेत. तिथे शिकणारी बहुसंख्य मुले आणि शिकवणारे कित्येक शिक्षक ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील पत्रातले शुभवर्तमानावरचे चिंतन जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन करावे, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि अन्य धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नये, असे म्हटले आहे. धीर द्यायला धर्मच लागतो असे नाही. व्हरांड्यात मुलाशेजारी बसलेल्या शिक्षिकेची गोष्ट कोणत्याही शाळेत सांगता येते.

प्रश्न कॅथलिक शाळांपुरताही नाही. आपल्या जवळपास प्रत्येक शाळेत पूर्वी सूचना वही असे. शिपाई ती वर्गावर्गांत फिरवायचा, शिक्षक वाचून सही करायचे. वहीत कौतुक क्वचितच असे, पण ती शाळेच्या वेळेत यायची आणि तिला शेवट असायचा. आता तिची जागा ग्रुपने घेतली. माहिती आज दुपारी दोनपर्यंत पाठवा, लिंक भरा, फोटो अपलोड करा, कालची माहिती पुन्हा नव्या नमुन्यात द्या. रात्री साडेदहालाही फोन वाजतो. पाठ टाचण बाजूला राहते आणि शिक्षक फोनकडे पाहत राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. पण ग्रुपवरून येणाऱ्या कामाला कोणते कलम लावायचे?

संगणकाच्या दुनियेत एक साधा नियम आहे. प्रोसेसरला दर क्षणी थांबवून नवे काम दिले तर त्याची बरीचशी शक्ती एका कामातून दुसऱ्यात जाण्यातच खर्च होते. म्हणून तातडी नसलेली कामे साठवून एकदम दिली जातात. माणसाचे लक्ष तर प्रोसेसरपेक्षा किती तरी नाजूक. साप्ताहिक पत्र हेच करते : तातडीचे काय आणि पुढच्या सोमवारपर्यंत थांबू शकणारे काय, याची निवड मुख्याध्यापकाला करायला लावते. ग्रुपवर ही निवड कुणीच करत नाही. तिथे सगळेच तातडीचे, म्हणून काहीच तातडीचे नाही.

याची किंमत कशी मोजावी लागते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखवले. एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आल्यावर लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने वेळेत पोलिसांना का कळवले नाही, हा प्रश्न ऐरणीवर आला. राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समित्यांबाबत आदेश काढले. पण कायदा आधीपासूनच होता. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे आणि कलम २१ नुसार न कळवणे हा गुन्हा आहे. आपल्या शाळेतील शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत किती जणांना हे माहीत आहे? आणि ते शेवटचे कधी सांगितले गेले?

मग काय करता येईल?

यासाठी नवे ॲप, नवा निधी किंवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढावा आणि एक पान लिहावे. त्याचे चार नियम पुरेसे आहेत. पहिला, सुरुवात या आठवड्यात स्वतः पाहिलेल्या एका प्रसंगाने करावी. फॉरवर्ड केलेला सुविचार चालणार नाही. दुसरा, आठवणी सातपेक्षा जास्त नकोत, प्रत्येकीपुढे वार, वेळ आणि जबाबदार व्यक्ती लिहावी. तिसरा, त्यातली एक ओळ कायम मुलांच्या सुरक्षिततेची असावी आणि ते पान शिपाई, मावशी, बसचालक यांच्यापर्यंतही पोहोचावे. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावे. चौथा, पानावर जे आले त्याचा पाठपुरावा ग्रुपवर रात्री करायचा नाही.

यात शिक्षण विभागाचाही वाटा आहे. वरून येणारी माहितीची मागणी दर तासाला येत राहिली तर मुख्याध्यापक तरी काय साठवणार? केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांनी तातडीची नसलेली पत्रे आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी पाठवली, तर खालचे पान आपोआप शक्य होईल.

एक आक्षेप नक्की येईल : आमच्याकडे वेळ कुठे आहे? वेळ नाही हे खरे. पण आज तोच वेळ दिवसभरात पंधरा तुकड्यांत जातो आणि त्यातून शिक्षकाला मिळते ती फक्त धास्ती. पंधरा संदेश लिहिणाऱ्याने एक पान लिहिले तर त्याचाही वेळ वाचतो.

कॅथलिक शाळांची ही सवय त्यांच्या सगळ्या व्यवहारांवर शिक्कामोर्तब करणारी नाही. त्यांचा इतिहास आणि तिथल्या शिक्षकांचे न्यायालयीन लढे वर आलेच आहेत. पण एक गोष्ट त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे. नुसत्या आठवणी पाठवणाऱ्या शाळेत शिक्षक हुकमाचा ताबेदार होतो आणि नुसते कौतुक करणाऱ्या शाळेत मागचे फाटक उघडेच राहते. मूल सुरक्षित राहायला आणि शिक्षक टिकायला दोन्ही लागते. येत्या शनिवारी एखाद्या मुख्याध्यापकाला असे पान लिहावेसे वाटले, तर सुरुवात 'या आठवड्यात मी पाहिले की...' या शब्दांनी करावी. वाक्य पुरे करता आले नाही, तर आधी सोमवारी शाळेत एक फेरी मारावी आणि मग लिहायला बसावे.